रकान्यातली आडवी रेघ

निर्मलाबाई खुर्चीत येऊन बसली तेव्हा तिच्या एका पायात चप्पल नव्हती, आणि ही गोष्ट तिला सोडून सगळ्यांना दिसत होती. तिचा मुलगा धर्मसिंग तसाच मागे पळाला. जवळा बाजारचा आठवडी बाजार ऐन भरात होता. चप्पल मिरच्यावाल्याच्या पोत्याला टेकून पडलेली सापडली. ती कधी निसटली हे म्हातारीला कळलंच नव्हतं. दोन महिन्यांपासून पायाखाली सदा कापूस अंथरल्यासारखं वाटतं, असं ती सांगायची. जीभ सोलून काढल्यासारखी गुळगुळीत झाली होती आणि चेहरा जुन्या पितळेसारखा पिवळट.

"घे बाबा," तिने बाही वर करत नामाजीला म्हटलं, "पर थोडंच घे. आंगात हाय तरी किती."

नामाजी हसला आणि तिला काही कळायच्या आत दोन नळ्या भरून मोकळा झाला. त्याच्या हाताला गुण होता हे त्याचा शत्रूसुद्धा कबूल करील, आणि शत्रू तर त्याला नव्हताच. एसटी स्टँडच्या कडेला एका खोलीत तो एका लॅबचं सेंटर चालवायचा. खुर्ची, टेबल, एक फ्रीज आणि भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. सकाळी रक्त घ्यायचं आणि दुपारच्या बसने बर्फाच्या डब्यात घालून नांदेडच्या लॅबकडे पाठवायचं, हे काम तो एकवीस वर्षं करत होता. त्याआधी गावातल्या एका जुन्या डॉक्टरांकडे तो कंपाउंडर होता. डॉक्टर गेले, पण कंपाउंडर काही नामाजीच्या अंगातून गेला नाही. कुणी चक्कर येते म्हणत दाराशी बसलं, की आतल्या कपाटातून ताकदीची लाल सुई काढून तो टोचून द्यायचा. परवानगी वगैरे त्याच्या डोक्यात यायची नाही. तहानलेल्याला पाणी द्यायला कोणी परवानगी विचारतं का, असा त्याचा हिशेब.

तीनच दिवसांपूर्वी, रविवारी निर्मलाबाई अशीच दाराशी मटकन बसली होती. तेव्हाही त्याने एक लाल सुई दिली होती, आणि अर्ध्या तासात ती उठून जीपपर्यंत चालत गेली म्हणून त्याला कोण आनंद झाला होता.

निर्मलाबाई त्याला परकी नव्हती. नामाजी हटकरांच्या घरातला. त्याचा बाप मेंढरं राखायचा आणि उन्हाळ्यात तांड्यावरच्या रतनसिंगच्या वावरात कळप बसवायचा. मेंढरांच्या लेंड्यांनी जमीन सुधारायची, आणि बदल्यात धान्य मिळायचं. त्या दिवसांत दहा वर्षांच्या नामाला भूक लागली की रतनसिंगची नवी नवरी आपल्या ताटातली अर्धी भाकर त्याला द्यायची. तीच ही निर्मलाबाई. रतनसिंग जाऊन आता बारा वर्षं झाली होती. नामाजी अठ्ठावन्नचा झाला, तरी तिला तो वयनीच म्हणायचा आणि ती त्याला एकेरीच हाक मारायची.

आता नामाजीचा एक दुर्गुण सांगायला हवा. त्याला कागदाचा कंटाळा होता. प्रत्येक नमुन्याबरोबर एक फॉर्म जायचा. नाव, वय, गाव आणि खाली एक रकाना: सध्या चालू असलेली औषधे व इंजेक्शने. सकाळी शटर पुरतं वर जाण्याआधीच नामाजी वीसेक फॉर्म घ्यायचा आणि त्या रकान्यात सगळीकडे एक आडवी रेघ मारून ठेवायचा. विचारलं तरी कुणाला आठवतंय, असं तो म्हणायचा. निर्मलाबाईच्या फॉर्मवरही ती रेघ आधीच बसलेली होती.

आणि एक सद्गुण, म्हणजे न्याय होईल. फार पूर्वी एक नळी बसमध्ये फुटली आणि एका म्हाताऱ्याला पुन्हा चाळीस किलोमीटर यावं लागलं. तेव्हापासून नामाजी प्रत्येक नमुन्यातलं वरचं पिवळं पाणी, म्हणजे सिरम, थोडंसं बाजूला काढायचा. छोट्या नळीत भरून, वर नाव आणि तारीख चिकटवून ते तीन महिने फ्रीजरमध्ये ठेवायचा. वीज गेली तरी फ्रीज चालावा म्हणून त्याने घरचा इन्व्हर्टर इथे आणून बसवला. त्याची बायको पंचफुलाबाई या प्रकाराला रगताचं लोणचं म्हणायची.

हिंगोलीच्या डॉक्टर साधनामॅडमनी तीन आठवड्यांपूर्वी निर्मलाबाईचं रक्त तपासून घेतलं होतं. तेही नामाजीनेच काढलं होतं. बी-१२ जवळजवळ संपलेलं निघालं. मॅडमनी धर्मसिंगला समजावलं की असं दोन कारणांनी होतं. एक म्हणजे खाण्यातच ते नसणं. दुसरं म्हणजे खाल्लेलं अंगी न लागणं. पोटात एक रस तयार होतो, तो बी-१२ला आतड्यापर्यंत पोचवतो. काही माणसांचं शरीर त्या रसावरच उलटतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ती आहेत का ते पाहायच्या दोन तपासण्या त्यांनी लिहून दिल्या, होकार आला तर पोटात दुर्बीण घालून पाहावं लागेल असं सांगितलं, आणि रक्त दिल्या दिवसापासून सुया सुरू करा म्हणून बजावलं. धर्मसिंग सोयाबीनच्या काढणीत अडकला आणि त्यात आठवडा गेला.

खरी अडचण मात्र सुयांची नव्हती. नऊ वर्षांपूर्वी निर्मलाबाईची मुलगी दिपा बाळंतपणात अडली होती. दवाखान्याच्या पायरीवर बसून निर्मलाबाईने सेवालाल महाराजांना बोलून ठेवलं, की मायलेकरं घरी आली तर मी मटण, मच्छी, अंडं, काही तोंडात घालणार नाही. मायलेकी घरी आल्या. त्या लेकीचं नाव पुजा, आता चौथीत होती. निर्मलाबाईने शब्द पाळला. दूध तिला आधीपासून सोसत नव्हतं, त्यामुळे भाकरी, डाळ आणि मिरची यांवरच तिची नऊ वर्षं गेली.

आता तांड्यात ज्याला त्याला कारण सापडलं होतं. नवसाने म्हातारीला खाल्लं, असं बायका उघड बोलायच्या. दिपा सेनगावकडच्या सासरहून येऊन आईच्या पाया पडली होती, माझ्यामुळं झालं म्हणून रडली होती आणि कलेजीचा रस्सा घेऊन दोन दिवस बसून राहिली होती. निर्मलाबाईने वाटीला हात लावला नाही. आपल्या तोंडात घास गेला आणि तिकडे पोरीला काही झालं तर, ही धास्ती तिच्या जिवाला होती. त्यामुळे या तपासणीकडे सगळं घर डोळे लावून बसलं होतं. प्रतिपिंडं निघाली तर दोष नवसाचा नव्हता, दिपाचाही नव्हता. नाही निघाली तर म्हातारीला नवस मोडायला लावायचा, असं धर्मसिंगने ठरवून टाकलं होतं.

पाच दिवसांनी रिपोर्ट आला. दोन्ही तपासण्या होकारार्थी होत्या.

नामाजीने फोन केला आणि तासाभरात जीपमधून अख्खं कुटुंब उतरलं. दिपा पुजाला घेऊन आली होती. निर्मलाबाईने पितळी डब्यात लापशी आणली होती. धर्मसिंगसारखा रांगडा गडी, पण आईसमोर मान खाली घालून उभा राहिला. नामाजीला वाटलं, एवढ्या वर्षांत आपल्या हातून गेलेल्या कागदांत हा सगळ्यात चांगला कागद.

"सगळं वाचून दाखव," निर्मलाबाई म्हणाली. "वरपासून खालपर्यंत. काही सोडू नको."

नामाजी वाचू लागला. इंग्रजीचं मराठी करत, बोट फिरवत, थोडा भाव खात. नाव वाचलं, आकडे वाचले, निकाल दोनदा वाचला. मग तळाशी बारीक अक्षरात तीन ओळी होत्या. त्या तिथे कायमच असायच्या आणि नामाजी कायमच तिथून कागद दुमडायचा. आज सगळं वाचायचं कबूल केलं होतं म्हणून त्याचं बोट खाली गेलं. या पद्धतीच्या तपासणीत, रुग्णाने गेल्या दोन आठवड्यांत बी-१२चे इंजेक्शन घेतले असल्यास प्रतिपिंडे नसतानाही निकाल होकारार्थी येऊ शकतो.

त्याचं बोट त्या ओळीवरून हललं नाही. लाल सुई म्हणजे बी-१२च, दुसरं काही नाही. रविवारी सुई, बुधवारी रक्त, आणि रकान्यात रेघ.

"पुढं?" निर्मलाबाईने विचारलं.

"पुढं काही न्हाई," नामाजी म्हणाला. "पत्ता हाय लॅबचा."

दिपा आईच्या गळ्यात पडून रडत होती, पण हे रडणं निराळं होतं. पुजाने लापशीचा डबा उघडला. नामाजीने दोन घास खाल्ले आणि डबा पुजाकडे सरकवला.

घरी आल्यावर त्याने पंचफुलाबाईला सगळं सांगितलं. सांगताना स्वतःची बाजूही मांडली. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळे सुखी आहेत, म्हातारीचा नवस शाबूत आहे, दिपाच्या जिवाला आराम आहे. निकाल कसाही निघो, सुया तर सुरूच राहणार. मग तोंड उघडून कोणाचं भलं व्हायचं? उलट परवानगी नसताना सुया देतो हे उघडं पडेल आणि सेंटर जाईल. पंचफुलाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"मामंजीचं एखांदं मेंढरू रातच्याला कुणाच्या पिकात घुसलं, तर मामंजी काय करायचे?"

नामाजीला हे पुरतं ठाऊक होतं. बाप पहाटे उठून, वावराचा धनी यायच्या आत स्वतः त्याच्या दारात जाऊन उभा राहायचा. शिव्या खायचा, भरपाई द्यायचा आणि पुढच्या वर्षी त्याच माणसाच्या वावरात कळप बसवायचा.

"अन् त्या कागदावर ते लोकं म्हातारीच्या पोटात दुर्बीण घालायला निघाले," ती म्हणाली. "तुमच्या रेघेवर."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने नामाजी हिंगोलीला गेला. औंढ्याला बस थांबली तेव्हा नागनाथाच्या कळसाकडे पाहून त्याने हात जोडले, पण मागितलं काही नाही. काय मागावं हेच त्याला सुचत नव्हतं.

साधनामॅडम वयाने त्याच्या मुलीसारख्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि आधी झापलं. सुईने कुणाला रिअॅक्शन आली असती तर काय करणार होता, असं विचारलं. नामाजी खाली मान घालून उभा राहिला. मग त्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि कागदावर रेघोट्या काढत दोन्ही तपासण्यांतला फरक समजावला. पहिली तपासणी रस तयार करणाऱ्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. ती पुष्कळांना पकडते, पण नुसत्या उतारवयाच्या निरोगी माणसांतही कधी कधी होकार देते. दुसरी प्रत्यक्ष रसाविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. तिचा होकार पक्का, पण आजार असलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांत ती काहीच दाखवत नाही.

नामाजीने जरा विचार केला.

"म्हंजे मॅडम, दोन कुत्रे हायेत," तो म्हणाला. "एक कुणावर बी भुंकतं. दुसरं भुंकलं की लांडगाच समजा, पर निम्म्या येळी झोपलेलं असतं."

"अगदी बरोबर."

"अन् या खेपेला ते दुसरं मलाच भुंकलं. मीच घोंगडी पांघरून मेंढरांच्या वाड्यात शिरलो व्हतो."

मॅडमना हसू आलं, आणि मघाचा राग थोडा उतरला. त्या म्हणाल्या की नांदेडची लॅब दुसरी तपासणी जुन्या पद्धतीने करते. त्या पद्धतीत सुईतलं बी-१२ आणि प्रतिपिंडं एकाच जागेसाठी भांडतात, आणि जागा कोणी अडवली हे मशीनला ओळखता येत नाही. मुंबईला एक लॅब नव्या पद्धतीने थेट प्रतिपिंडंच पकडते. ती सहसा अशी फसत नाही. पण सुईच्या आधीचंच रक्त असतं तर कुठलीच शंका उरली नसती. आता ते कुठून आणायचं?

नामाजी खुर्चीतून उठलाच. रगताचं लोणचं त्याच्या फ्रीजरमध्ये होतं. जवळजवळ महिन्यापूर्वीचं, सुई लागायच्या कितीतरी आधीचं, नाव आणि तारखेसह.

मॅडमना ते सांगितलं, पण कबुली आणखी एका दारात द्यायची होती. परतताना तो घरी न जाता तांड्यावर गेला. निर्मलाबाई अंगणात बाजेवर बसली होती, दिपा शेजारी. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. सुईचं सांगितलं, रेघेचं सांगितलं, बारीक अक्षरं वाचूनही काल आपण खोटं बोललो तेही सांगितलं, आणि सुईआधीचं रक्त जपलेलं आहे, ते मुंबईला तपासता येईल, हेही. धर्मसिंगचा चेहरा तापला. दिपाने पदर तोंडाला लावला. कालची सुटका एका दिवसात परत गेली होती, आणि ती घेऊन जायला नामाजी स्वतः आला होता.

 निर्मलाबाईने बाजेवर हात थोपटून त्याला बसवलं.

"तू सुई दिली तवा मला उभं ऱ्हाता येत नव्हतं, नामा. ते मी इसरनार न्हाई." तिने दिपाकडे पाहिलं. "पर धाड मुंबईला. खोट्या कागदावर माझा नवस टिकाया नको. खरं काय ते येऊ दे. आलं उलटं, तर मी अन् महाराज बघून घेऊ."

नामाजीला त्या क्षणी आपल्या बापाची आठवण आली आणि रडू आवरेना. म्हातारीने भाकरी मागवली, अर्धी मोडली आणि त्याच्या हातात दिली.

मुंबईला नळी पाठवताना त्याने नवा फॉर्म भरला. इतक्या वर्षांत प्रथमच त्याने तो रकाना पूर्ण वाचला आणि सावकाश लिहिलं: या नमुन्यापूर्वी कोणतेही इंजेक्शन नाही, रुग्णास विचारून खात्री केली. दुसरा कागद नांदेडच्या लॅबला लिहिला. आधीच्या नमुन्याच्या तीन दिवस अगोदर बी-१२चे इंजेक्शन मी स्वतः दिले होते. रकान्यातील रेघ माझी आहे. खाली सही केली.

पुढचे नऊ दिवस नामाजीने कसे काढले ते पंचफुलाबाईलाच ठाऊक. पानावरून तो अर्धपोटी उठायचा. मॅडमनी आरोग्य केंद्रातून सुया सुरू केल्या होत्या, त्या थांबवायच्या नव्हत्या. दुर्बिणीचं तेवढं निकालापर्यंत पुढे ढकललं होतं. धर्मसिंग बाजारात भेटला तरी मान फिरवून जायचा. नामाजीला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी आपण असतो तर दगड उचलला असता, असं तो म्हणायचा.

दहाव्या दिवशी मॅडमचा फोन आला. नव्या पद्धतीने, सुईच्या आधीच्या रक्तात, रसाविरुद्धची प्रतिपिंडं स्वच्छ दिसली होती. आता शंका नव्हती. म्हातारीने रोज कलेजी खाल्ली असती तरी ती अंगी लागली नसती. नवसाने तिला खाल्लं नव्हतं. सुया मात्र जन्मभर, महिन्याला एक. पोटात एकदा दुर्बीणही घालावी लागणार होती, पण आता ती खऱ्या कागदावर.

तांड्यावर फोन लावला तेव्हा तो दिपानेच उचलला. त्याने सांगितलं. मग ती एवढंच म्हणाली, "काका, पक्कं ना?" तो म्हणाला, पक्कं. त्याचा जीव भांड्यात पडला.

त्याच आठवड्यात लॅबचंही पत्र आलं. प्रामाणिकपणाबद्दल दोन ओळी होत्या आणि त्याखाली सेंटर काढून घेतल्याच्या तीन. साधनामॅडमनी शब्द टाकून पाहिला, पण लॅब बधली नाही. नामाजीने कटकट केली नाही. मेंढरू आपलं होतं, पीक दुसऱ्याचं, असं तो पंचफुलाबाईला म्हणाला. एकवीस वर्षं सकाळी शटर उचलणाऱ्या माणसाला सकाळ फार मोठी वाटते.

सेंटर निलम नावाच्या शिकलेल्या मुलीकडे गेलं. नामाजीने तिला किल्ली दिली, फ्रीज दाखवला, नळ्या तारखेने कशा लावायच्या ते शिकवलं. मुलगी हुशार होती, कौतुकाने पाहत होती. जाताना त्याने फॉर्मचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे इचारायचं," तो म्हणाला. "हरेकाला. त्याला आठवस्तोवर थांबायचं."

आता महिन्यातून एकदा निर्मलाबाई जीपने येते. आरोग्य केंद्रात सुई घ्यायची असते. धर्मसिंग तिला स्टँडवर नामाजीच्या हवाली करतो आणि बाजाराला जातो. त्याचा राग कधी गेला हे त्यानेही सांगितलं नाही आणि नामाजीनेही विचारलं नाही. मग दोघं म्हातारी माणसं हळूहळू केंद्रापर्यंत चालत जातात. आत नर्स सुई भरते. लाल औषध वर चढताना नामाजीची बोटं आपोआप हलतात, म्हणून तो हात मागे बांधून उभा राहतो.

पौषातल्या एका सकाळी अशीच सुई घेऊन दोघं परत येत होती. सेंटरपुढून जाताना आत निलम एका म्हाताऱ्याला काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होती. नामाजी क्षणभर रेंगाळला आणि पुढे निघाला. मागे पाहतो तो निर्मलाबाई रस्त्यातच थांबलेली.

"काय झालं, वयनी? चक्कर येऊन राहिली का?"

"न्हाई." तिचा चेहरा विचित्र झाला होता. "नामा, खडा टोचून राहिला."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग भर रस्त्यात खाली बसला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून पाय उचलला. त्याने निळी चप्पल काढून झटकली. हरभऱ्याएवढा एक खडा खाली पडला. तो त्याने उचलला, शर्टाच्या खिशात टाकला आणि चप्पल तिच्या पायात नीट सरकवून दिली.